कुलपाची ग्वाही

दिवाळीची झाडलोट सुरू झाली, की आमच्या घरी दरवर्षी एक लहानसा प्रसंग ठरल्यासारखा घडतो. माळ्यावरची भांडी खाली येतात, कपाटांचे खण रिकामे होतात आणि माझ्या टेबलाच्या सर्वांत खालच्या खणातून एक पितळी कुलूप बाहेर निघते. त्याचे खोके अजून शाबूत आहे. सौ. ते हातात घेऊन विचारते, "हे आता टाकू का?" मी म्हणतो, "असू दे." ती पुढे काही बोलत नाही. कुलूप पुन्हा खोक्यात जाते आणि खोके पुन्हा खणात.

वास्तविक हे कुलूप आता कोणत्याही दाराला लावण्याजोगे राहिलेले नाही. त्याची मागची पत्री उखडलेली आहे आणि आतली हाडे-काडे दिसतात. मी ते जपून ठेवतो ते खोक्यावरच्या मजकुरासाठी. 'सात लिव्हर. दुसऱ्या कोणत्याही किल्लीने उघडत नाही. संपूर्ण सुरक्षिततेची हमी.' कंपनीचे नाव मी सांगत नाही. सांगितले तरी ते तुमच्या ओळखीचे निघणार नाही, इतकी ती लहान होती.

मी शाळामास्तर आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, त्यामुळे तत्त्वज्ञानाच्या मोठ्या ग्रंथांशी माझी ओळख लांबूनच नमस्कार करण्याइतकी. पण या तीन वाक्यांवर कशा प्रकारचा विश्वास ठेवायचा, आणि किती, हा प्रश्न मी गेली पंधरा वर्षे मनात वागवीत आलो आहे. त्याचे कारण सांगायचे तर आधी एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगताना मला संकोच वाटतो. कारण तिच्यात चोर कोण हे अखेरपर्यंत कळत नाही, पण अपराधी कोण हे मात्र कळते.

आम्ही तेव्हा औरंगपुऱ्यातल्या एका जुन्या वाड्यात राहत होतो. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणत. छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३ साली झाले. वाड्यात सात बिऱ्हाडे आणि एक नळ. आमच्या दाराला कडी होती आणि बाहेर जाताना त्या कडीत आम्ही बहुधा एक मोठा खिळा अडकवीत असू. ओसरीवर दिवसभर एक आजी बसलेल्या असत. "आजी, जरा लक्ष असू द्या," म्हटले की त्या मान हलवीत. आमची सुरक्षिततेची सगळी हमी ती एवढीच. तिच्यावर काही छापलेले नव्हते.

पुढे सिडकोत दोन खोल्यांचे स्वतःचे घर झाले. तिथे शेजारच्या दारावर पाटी होती. पाटीमागचा माणूस मात्र ठाऊक नव्हता. साहजिकच मी गुलमंडीवर जाऊन कुलूप पाहू लागलो. दुकानदाराने तीन कुलपे पुढे मांडली. लिव्हर जितके जास्त तितकी किंमत चढती. मी सात लिव्हरचे उचलले. "हे न्या सर, आणि निर्धास्त झोपा," तो म्हणाला. त्याने मला कुलपाबरोबर झोपही विकली, आणि मी दोन्हींचे पैसे दिले.

कुलपाबरोबर तीन किल्ल्या आल्या. एक माझ्याजवळ, एक सौ.जवळ, आणि तिसरी मावशींजवळ. मावशी आमच्याकडे धुण्याभांड्याला येत. वाड्यापासूनची ओळख, नव्या घरापासून त्यांची वस्ती उलट जवळच पडू लागली होती. आम्ही दोघे सकाळी शाळेत जात असू, म्हणून किल्ली त्यांच्या पदराच्या गाठीला असे. माझी मुलगी त्यांच्या कडेवर वाढली. ती किल्ली त्यांना देताना मी क्षणभरही विचार केला नव्हता, हे मला आज मुद्दाम सांगावेसे वाटते.

त्या वर्षी भाऊबीजेला आम्ही पैठणला सासुरवाडीला गेलो. दोन रात्री राहून परतलो. कुलूप जसेच्या तसे लोंबत होते. माझ्या किल्लीने ते अलगद उघडले आणि, आता हसू येते, ते उघडताना मला समाधानही वाटले. आत कपाटाचे दार अर्धवट उघडे होते. सौ.ची मोहनमाळ आणि मुलीच्या बारशाला आलेले चांदीचे वाळे गेले होते. कपाटाला आम्ही कुलूप लावलेच नव्हते. बाहेरच्या दाराला इतके भक्कम कुलूप असताना कपाटाला आणखी कशाला?

मी शाळेत भूमिती शिकवतो. माझ्या डोक्यात सिद्धता आपोआप मांडली गेली. दुसऱ्या कोणत्याही किल्लीने हे कुलूप उघडत नाही, हा पक्ष. कुलूप तुटलेले नाही. म्हणजे ते किल्लीनेच उघडले. किल्ल्या तीन. दोन पैठणला आमच्याबरोबर होत्या. राहिली एक. पुढचे वाक्य मी मनातसुद्धा पुरते उच्चारले नाही. पण भूमितीत शेवटचे वाक्य लिहिले नाही म्हणून काही साध्य बदलत नाही.

पोलिसांत फिर्याद दिली. हवालदार भला माणूस होता. त्याने विचारले, "कुणावर संशय?" मी म्हणालो, "नाही." मग थोडा थांबून म्हणालो, "तिसरी किल्ली कामाला येणाऱ्या बाईंकडे असते." पहिले वाक्य खोटे होते आणि दुसरे खरे, पण घात केला तो खऱ्या वाक्याने.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या घरी चौकशी झाली. पत्र्याची पेटी उघडून पाहिली, डबे पाहिले. काही सापडले नाही. सापडले नाही हे वस्तीने पाहिले. पण शोधले हेही वस्तीनेच पाहिले. संध्याकाळी मावशी आल्या. उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. पदराची गाठ सोडून त्यांनी किल्ली दाराशी ठेवली. "गुरुजी, ही तुमची किल्ली," एवढेच म्हणाल्या आणि गेल्या. आम्ही दोघेही त्यांना थांबा म्हणालो नाही.

चार महिन्यांनी, होळीच्या सुमारास, माझी किल्ली कुठेतरी पडली. सौ. माहेरी गेलेली. पैठण गेटजवळून एका चावीवाल्याला बोलावून आणले. त्याने जुडगा काढला, एक-दोन किल्ल्या लावून पाहिल्या, मग एका किल्लीला कानस मारली, कुलपाला कान लावला, आणि शेजाऱ्यांनी मला दिलेला चहा अर्धा व्हायच्या आत कुलूप उघडले. मी म्हणालो, "अहो, हे सात लिव्हरचे आहे." तो म्हणाला, "सर, सात खोक्यावर आहेत."

माझ्या आग्रहावरून त्याने तिथेच छिन्नीने मागची पत्री उचकटली आणि मला आतली रचना समजावून दिली. मास्तराला शिकवणारा मास्तर तो. लिव्हर म्हणजे एकावर एक बसवलेल्या पातळ पट्ट्या. प्रत्येक पट्टीला एक खाच. किल्ली फिरली की तिचा एकेक दात आपापली पट्टी उचलतो. सगळ्या पट्ट्या नेमक्या आपल्या उंचीवर आल्या म्हणजे खाचा एका रांगेत येतात आणि खटक्याला सरकायला वाट मिळते. एक पट्टी केसभर वर किंवा खाली राहिली तरी वाट बंद. म्हणून पट्ट्या जास्त तर कुलूप चांगले, हे तत्त्वतः खरेच. पण पट्ट्या निरनिराळ्या उंचीच्या कापलेल्या असल्या तरच. माझ्या कुलपात पट्ट्या चार होत्या, आणि त्यांतल्या दोन जुळ्या बहिणींसारख्या सारख्या. "या जातीच्या कुलपांना माझ्या जुडग्यातली एखादी तरी किल्ली थोड्या कानशीने लागतेच," तो म्हणाला. त्याने हे काही गुपित सांगितल्यासारखे सांगितले नाही. त्याच्या धंद्यात ते सगळ्यांनाच माहीत होते.

त्याचे पैसे देऊन मी उंबऱ्यावर बसलो. मोहनमाळ गेल्याचे दुःख त्या दिवशी आठवलेही नाही. माझ्या सिद्धतेत चूक कुठे झाली ते दिसत होते. मांडणी बिनचूक होती. पक्षच खोटा होता. आणि तो पक्ष मी एका खोक्यावरून उतरवून घेतला होता.

आता तुम्ही म्हणाल, कुलूप हलके निघाले, एवढेच ना? चांगल्या कंपनीचे घेतले असते तर प्रश्न मिटला असता. मलाही काही दिवस असेच वाटले. पण विचार करता करता लक्षात आले, की कुलूप अस्सल असते तरी खोक्यावरचे वाक्य जेवढे सांगते त्यापेक्षा आपण त्यातून फार जास्त ऐकतो. खोके कुलपाविषयी बोलते. आपण ते घराविषयी ऐकतो.

आमचे शहर बावन्न दरवाजांचे म्हणून प्रसिद्ध आहे. मलिक अंबरने १६१२ साली बांधलेला भडकल दरवाजा अजून उभा आहे. दिल्ली दरवाजा, मकाई दरवाजा, पैठण दरवाजा हेही आहेत. औरंगजेबाने १६८२ च्या सुमारास बांधलेला तट मात्र बहुतेक ठिकाणी नाहीसा झाला. तट गेले आणि दरवाजे राहिले. आता काही दरवाजांच्या दोन्ही बाजूंनी रस्ते गेले आहेत आणि रिक्षा दरवाजाला वळसा घालून निघून जातात. दरवाजा आजही तितकाच भक्कम आहे. त्याच्याविषयी कोणी शिफारस लिहिली तर तिच्यातला शब्दन्‌शब्द खरा असेल. फक्त त्याच्या बाजूने रस्ता आहे.

जुन्या काळचे चोर हे जाणून होते. मातीच्या भिंतीच्या घरात ते कुलपाशी झटापट करीत बसत नसत; मागच्या भिंतीला भगदाड पाडून आत शिरत. म्हणून तर आपल्या भाषेत या गुन्ह्याला घरफोडी म्हणतात, कुलूपफोडी कोणी म्हणत नाही. शब्द बनवणाऱ्याला ठाऊक होते, की फुटते ते घर.

शाळेची सहल आम्ही दर एक-दोन वर्षांनी देवगिरीला नेतो. शहरापासून पंधरा किलोमीटरांवर दौलताबादचा तो किल्ला आहे. खडक तासून उभा केलेला कडा, भोवती खंदक, दरवाजांवर हत्तींसाठी खिळे, आणि वर जाण्याच्या वाटेवर ती प्रसिद्ध अंधारी. वाटाड्या हातातला दिवा विझवतो, मुले किंचाळतात, आणि मग तो सांगतो की इथे शत्रू आपल्याच माणसांना मारीत असे. बाहेर उजेडात आल्यावर दरवेळी कोणीतरी मुलगा विचारतोच, "सर, मग हा किल्ला पडला कसा?"

मुलाचा प्रश्न अगदी बरोबर असतो. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा रामदेवरावांना तह करावा लागला. गडावर नेलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, अशी कथा परंपरेने सांगतात. १६३३ साली मोगलांच्या महाबतखानाने किल्ला घेतला तेव्हा खालचे कोट सुरुंगांनी फुटले. पण माथ्यावरचा गड मलिक अंबरच्या मुलाने, फत्तेखानाने, उपासमारीला कंटाळून स्वाधीन केला. गडाच्या अभेद्यपणाविषयी जे सांगत ते खोटे नव्हते. शत्रूने त्याची परीक्षाच घेतली नाही. तो पोत्यांच्या बाजूने आला.

मग अशा ग्वाहीवर विश्वास ठेवायचाच नाही का? शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला तेव्हा आमचे एक सहकारी म्हणाले, "अहो, विश्वास तर पानिपतातच गेला!" १७६१ सालापासून मराठी माणूस या वाक्यावर आपली सगळी फसगत भागवत आला आहे. पण हे उत्तर मला सोयीचे वाटते, खरे वाटत नाही. ज्याचा कशावरच विश्वास नाही तोही रात्री दाराला कडी घालूनच झोपतो. प्रश्न विश्वास ठेवावा की नाही असा नाही. कोणत्या शब्दावर किती ठेवावा, असा आहे.

याचे एक उत्तर मला कुलपांच्याच इतिहासात सापडले. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा कारागीर होता. त्याने १७९० साली पिकाडिलीतल्या आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवले आणि वर लिहिले, की जो कोणी अवजार करून हे उघडील त्याला तत्काळ दोनशे गिनी मिळतील. ते कुलूप तिथे साठ वर्षांहून अधिक काळ कोणालाही उघडता आले नाही. पुढे १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्स नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला. त्याने सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून ते उघडले. ब्रामा तेव्हा हयात नव्हता. पण त्याच्या वारसांनी बक्षिसाचे पैसे दिले.

माझ्या खोक्यावरची हमी आणि ब्रामाची हमी यांत मला जमीनअस्मानाचे अंतर दिसते. माझे खोके म्हणते, 'विश्वास ठेव.' ब्रामा म्हणतो, 'उघडून बघ. उघडले तर भुर्दंड माझा.' पहिली हमी प्रश्न बंद करते, दुसरी प्रश्नाला बोलावते. आणि गंमत अशी, की कुलूप उघडले गेल्यावरही ब्रामाच्या शब्दाची किंमत कमी होत नाही. कुशल माणसाला एक्कावन्न तास लागतात, एवढे पक्के ज्ञान आता गिऱ्हाइकाच्या पदरात पडते. संपूर्ण सुरक्षिततेपेक्षा एक्कावन्न तास ही किती तरी प्रामाणिक गोष्ट आहे!

हॉब्सवर तेव्हा टीकाही झाली. कुलपांतली वैगुण्ये अशी चारचौघांत उघड केली तर चोरांना शिकवल्यासारखे होईल, असे लोक म्हणू लागले. त्यावर त्याच्या बाजूचे उत्तर असे, की चोरांना हे आधीपासूनच येते; अंधारात आहेत ते फक्त सज्जन. हे वाचले तेव्हा मला तो चावीवाला आठवला. माझ्या कुलपाची खरी योग्यता त्याला ठाऊक होती, चोराला ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती एका मास्तराला, आणि ज्यांनी त्याची किंमत मोजली त्या मावशींना.

आपल्याकडचेही एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. अर्देशिर गोदरेज यांनी वकिली सोडून १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपे करायला सुरुवात केली. अशिलासाठी सत्य वाकवणे त्यांना जमेना म्हणून त्यांनी तो व्यवसाय सोडला, असे त्यांच्याविषयी सांगतात. पुढे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी त्यांच्या विक्रोळीच्या कारखान्यात बारा लाखांहून अधिक लोखंडी मतपेट्या तयार झाल्या. पेट्या उत्तम होत्या. तरीही पेटी उत्तम आहे म्हणून कोणी निवडणूक खरी मानली नाही. मतदानाआधी पेटी रिकामी असल्याचे उमेदवारांच्या माणसांना दाखवायचे, त्यांच्यादेखत ती बंद करायची, वर मोहोर लावायची, ही रीत घालून दिली गेली. म्हणजे कुलपाला साक्षीदार दिले. लोखंडाचा शब्द एकट्याचा घेतला नाही. आमच्या वाड्यातली ओसरीवरची आजी मला या पंक्तीत बसवावीशी वाटते.

कुलूप नसण्याचीही एक ग्वाही असते. संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे जाताना वाटेत नेवासे तालुक्यातले शनिशिंगणापूर लागते. घरांना दारे नाहीत, कुलपे नाहीत, अशी त्या गावाची ख्याती. २०११ साली एका बँकेने तिथे कुलूप न लावणारी शाखाही काढली. लोकांच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे. शेजाऱ्यावर इतका भरवसा टाकून पिढ्यान्‌पिढ्या राहणे ही लहान गोष्ट नव्हे. पण २०१० नंतर तिथेही चोरीच्या तक्रारी झाल्याच्या बातम्या आल्या आणि २०१५ साली गावात पोलीस ठाणे सुरू झाले. त्या बातम्या वाचताना माझ्या मनात एक वेगळाच प्रश्न आला. जिथे चोरी होऊच शकत नाही अशी सर्वांची खात्री आहे, तिथे एखाद्याचे खरोखरच काही गेले, तर त्याचे कोण ऐकेल? चोरी अशक्य म्हटली की चोरी झाली म्हणणाराच खोटा ठरतो.

इथे मला माझ्या प्रश्नाचा गाभा सापडला असे वाटते. एखादी वस्तू संशयापलीकडची ठरवली, की संशय काही नाहीसा होत नाही. तो वस्तूवरून उठतो आणि जवळच्या माणसावर जाऊन बसतो. बहुधा अशा माणसावर, ज्याच्या बाजूने बोलायला कोणी छापील खोके नसते.

ही केवळ माझ्यासारख्या एका मास्तराच्या घरातली गोष्ट असती तर मी ती दिवाळी अंकात सांगत बसलो नसतो. ब्रिटनमध्ये १९९९ पासून टपाल कचेऱ्यांत हिशेबासाठी होरायझन नावाची संगणकयंत्रणा बसवण्यात आली. कितीतरी छोट्या पोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. ते सांगत होते, आम्ही पैसे घेतले नाहीत, यंत्राचेच काहीतरी चुकते आहे. त्यांना उत्तर मिळे, यंत्र चोख आहे. म्हणजे माझीच सिद्धता! १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोकांना चोरी आणि खोटे हिशेब यांसाठी दोषी ठरवण्यात आले. त्यांत भारतीय वंशाचेही अनेक होते. एक बाई तर गरोदर असताना तुरुंगात गेली. कोणाची घरे विकली गेली, कोणी जिवाचे बरेवाईट करून घेतले. २०१९ साली न्यायालयाने यंत्रणेत दोष असल्याचा निर्णय दिला आणि २०२४ साली तिथल्या संसदेला कायदा करून या शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या. एवढ्या मोठ्या देशाला एवढी वर्षे जे दिसले नाही, ते मला चार महिन्यांत दिसले ते केवळ माझी किल्ली हरवली म्हणून. त्यात माझी हुशारी काही नाही.

या सगळ्याचा अर्थ कुलूप लावू नये असा कोणी काढू नये. मी लावतो. आता दोन लावतो. त्यांतले एक चांगले आहे असे त्याच चावीवाल्याने सांगितले आहे. कुलूप चोराचा वेळ खाते, त्याला आवाज करायला लावते, आणि ज्याचे मन काठावर आहे अशा माणसाला मोहातून वाचवते. कुलूप सज्जनांसाठी असते, असे आपण म्हणतो ते याच अर्थाने. कायद्यालाही हे ठाऊक आहे. १८६० च्या दंड संहितेने घरफोडीचे जे प्रकार सांगितले त्यांत कुलूप उघडून शिरणे हा एक होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो तसाच आहे. कोणतेही कुलूप, किती लिव्हरचे ते कायदा विचारत नाही. कुलूप म्हणजे घरमालकाने उच्चारलेला 'येऊ नका' हा शब्द आहे, आणि तो शब्द मोडणे हाच गुन्हा. कुलपावर एवढाच भार टाकला तर ते तो जन्मभर निभावते. आपण त्याच्यावर साक्षीदाराचे आणि न्यायाधीशाचेही काम टाकतो, तिथे ते मोडते.

म्हणून हल्ली मी मुलांना भूमिती शिकवताना एक वाक्य जास्त सांगतो. सिद्धता तपासताना आधी पक्ष तपासा. आणि घरात काही हरवले, तर पहिला संशय वस्तूवर घ्या. माणसावर सगळ्यात शेवटी. कुलपाची माफी मागावी लागत नाही.

माणसाची मागावी लागते. चावीवाला गेला त्या दिवशी संध्याकाळीच मी ते उचकटलेले कुलूप पिशवीत घालून मावशींच्या घरी गेलो. पट्ट्या दाखवल्या, चार आणि सात यांचा हिशेब सांगितला. वर्गात समजावतो तसे समजावून सांगत होतो. शेजारच्या बायका दारात जमल्या होत्या. त्यांच्यासमोरच मी म्हणालो, "चूक माझी होती." मावशींनी सगळे ऐकून घेतले, चहा केला. मग म्हणाल्या, "कुलपाचं काय गुरुजी, लोखंडच ते. पर तुमी तर मला वळखत व्हते."

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. कुलूप खोटे होते ही माझी सबब त्यांनी एका वाक्यात बाजूला ठेवली. कुलूप अगदी अस्सल, सातही पट्ट्यांचे असते, तरी दहा वर्षांच्या ओळखीपुढे त्याची ग्वाही मी मोठी मानायला हवी होती का, हा त्यांचा प्रश्न होता. मी खोक्यावर छापलेले वाचले आणि समोर वावरणारे माणूस वाचले नाही.

त्या पुन्हा कामाला आल्या नाहीत. दिवाळीत मात्र आम्ही फराळाचा डबा घेऊन जातो. पहिल्या वर्षी त्यांनी तो घेतला आणि डबा परत पाठवला तो रिकामा. आपल्यात कोणी डबा रिकामा परत करीत नाही, सौ. तो कितीतरी वेळ हातात धरून उभी होती. तिसऱ्या वर्षी डब्यात चिमूटभर साखर आली. गेल्या काही वर्षांपासून त्यांच्या हातच्या करंज्या येतात. माझ्या मुलीला लहानपणापासून आवडतात तशा, जरा जास्त खोबऱ्याच्या.

यंदा माझी मुलगी स्वतः डबा घेऊन जाणार आहे. नव्या कुलपाचीही तिसरी किल्ली घरात आहे. दरवर्षी मी ती बरोबर नेतो आणि दरवर्षी मावशी म्हणतात, "असू द्या, तुमच्याकडंच असू द्या." मी ती परत आणून दाराजवळच्या खिळ्याला टांगतो. यंदाही नेणार आहे.